समोर उभं राहायचं काम

१० नोव्हेंबर, रविवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी वाढवण्याआधी एक करून बघा, मनात जे खदखदतं ते थोडं थोडं लिहून काढा, बीपी उतरेल. म्हणून ही डायरी. बेअरिंगच्या डीलरने वर्षाच्या सुरुवातीला फुकट दिलेली, कोरीच पडून होती. माझ्या मनात काही खदखदत नाही हे मी त्यांना सांगितलं. त्या नुसत्या हसल्या.

आज भाचा यशोवर्धन जेवायला आला होता. व्हाइटफील्डला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, पगार उत्तम, पण डोक्यात सिनेमाचं खूळ. आता स्वतःच एक मराठी सिनेमा काढतोय. बंगळुरूच्या आपल्या मराठी लोकांना घेऊन, शनिवार-रविवार शूटिंग, नटनट्या सगळ्या घरच्याच. गोष्ट अशी की लग्नाला खूप वर्षं झालेली तीन जोडपी अंदमानला सुट्टीवर जातात. बोटवाल्याच्या घोळामुळे बायका एका बेटावर उतरतात आणि नवरे दुसऱ्यावर. मध्ये पाणी. एकमेकांना दिसतात, पण बोललेलं ऐकू येत नाही. यातून म्हणे हसू पण येणार आणि प्रेम पण. मी म्हणालो, बायको पलीकडच्या बेटावर म्हणजे हीच तर खरी सुट्टी. यशोवर्धन हसला. हेमावती हसली नाही.

मग तो म्हणाला, "मामा, यातलं एक जोडपं तुम्ही आणि मामी व्हा की."

मी साफ नाही म्हणालो. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत माझा स्प्रिंगांचा कारखाना आहे, ऑर्डरी आहेत, कामगार आहेत. पन्नाशी उलटलेल्या माणसाने फुलाफुलांचा शर्ट घालून माडाखाली काय करायचं? हेमावती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मग ताटं उचलता उचलता म्हणाली, "मी करते रे. ह्यांना वेळ नसतो."

करू दे. मला काय त्याचं.

१७ नोव्हेंबर, रविवार

हेमावतीचा नवरा ठरला. सिनेमातला म्हणायचं आहे मला. गिरीराज नावाचा इसम आहे, विम्याच्या ऑफिसात नोकरीला, हौशी कन्नड नाटकांत कामं करतो. माझ्याहून फार तर तीन-चार वर्षांनी लहान असेल, पण डोक्यावर सगळे केस शाबूत. आज आमच्या हॉलमध्ये पहिलं वाचन झालं. मी आतल्या खोलीत कोटेशन तयार करत होतो, दार उघडं होतं कारण गरम होत होतं. नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे गरम होत नाही, पण आज होत होतं.

हा माणूस हेमावतीला "हेमक्का" म्हणतो. आता अक्का म्हणजे थोरली बहीण. तोंडाने अक्का म्हणायचं आणि कागदावर नवरा व्हायचं, हे मला तरी पटत नाही. जाताना म्हणाला, "अण्णा, परवानगी आहे ना?" मी म्हणालो, "सिनेमाच आहे की." आवाज अगदी साधा ठेवला होता.

हेमावती भांडी आवरताना गुणगुणत होती. विचारलं तर म्हणाली, "सुम्मने." उगीच म्हणे. उगीच कोणी गुणगुणतं का?

१ डिसेंबर, रविवार

आमचं अंदमान बंगळुरूबाहेर, नेलमंगलच्या पुढे आहे. यशोवर्धनच्या ओळखीच्या माणसाची नारळाची बाग, मध्ये एक तळं. नदीची वाळू मिळत नाही म्हणून बांधकामाच्या एम-सँडचा ट्रक काठावर ओतलाय. राखाडी रंगाचा किनारा. यशोवर्धन म्हणतो, नंतर कॉम्प्युटरवर सोनेरी करू. सकाळी असं गार वारं सुटलं होतं की तिन्ही बायका कुडकुडत होत्या. कॅमेरा सुरू झाला की पातळ कपड्यांत उकाडा, बंद झाला की स्वेटर. घाम दिसावा म्हणून तोंडावर पाणी मारत होते.

मी गेलो कारण हेमावतीला तिथे पोचवणार कोण? पोचवल्यावर लगेच परत येण्यात पेट्रोल वाया जातं, म्हणून थांबलो.

आज बेटं वेगळी व्हायच्या आधीचा प्रसंग होता. एका शहाळ्यात दोन नळ्या, एकीतून हेमावती पिणार, एकीतून गिरीराज. का? शहाळ्यांना काय तोटा होता, बाग भरलेली होती. मी यशोवर्धनला हे सुचवलंसुद्धा. तो म्हणाला, "मामा, स्वल्प बाजूला व्हा, तुमची सावली पडतेय." कॅमेरा बंद झाल्यावरही गिरीराज पीतच होता. म्हणाला, वाया जाईल.

संध्याकाळी गाडीत हेमावतीने विचारलं, "कसं झालं माझं?" मी म्हणालो, ठीक होतं. ती खिडकीबाहेर बघत बसली. पुढे काय सांगायचं होतं मी? मला त्यातलं काही कळत नाही.

८ डिसेंबर, रविवार

आजपासून बेटं वेगळी झाली. नवऱ्यांची दृश्यं नवऱ्यांबरोबर, बायकांची बायकांबरोबर. त्यामुळे गिरीराज आज नव्हताच, आणि मला उगीच बरं वाटलं. हे बरं वाटणं फार टिकलं नाही.

हेमावतीचं दृश्य असं होतं की ती काठावर उभी आहे, पाण्यापलीकडे नवरा दिसतो, आणि ती बघते. बस, बघायचंच. बोलायचं काही नाही. आता पलीकडे गिरीराज नाही, तर तिने बघायचं कुठे? त्यासाठी समोरच्या काठावर एक बांबू रोवला होता, वर लाल फडकं बांधून. यशोवर्धन ओरडला, "मामी, तो बांबू म्हणजे तुमचा नवरा!" सगळे हसले. मीही हसलो, गिरीराजची किंमत बरोबर झाली म्हणून.

पण हेमावतीला जमेना. दोनचारदा प्रयत्न करून ती म्हणाली, "बांबूकडे बघून मला काय होणार? त्यापेक्षा मामांना उभं कर की तिथे."

झालं. मला चिखलातून पलीकडे पाठवलं. मोबाईल खिशात ठेवायचा, हलायचं नाही आणि तिच्याकडेच बघत राहायचं, असा हुकूम. म्हणजे गिरीराजच्या जागी बांबू, आणि बांबूच्या जागी मी. सख्ख्या नवऱ्याची ही पायरी.

मी बघत राहिलो. आणि मग तिने बघितलं.

हे कसं लिहायचं कळत नाही. आधी तिची मान किंचित वर आली. मग सगळा चेहरा सैल झाला, जणू कोणी डोक्यावरचं ओझं उतरवून घेतलं. डोळ्यांत काहीतरी आलं आणि ओठ हलायच्या बेतात तसेच राहिले. मला मागे वळून बघावंसं वाटलं की माझ्या मागे कोण उभं आहे. यशोवर्धन "कट" म्हणायचंच विसरला.

इतकी वर्षं संसार केला, या बाईने माझ्याकडे असं कधी बघितलं नाही. तो माणूस तिथे नसताना नुसता आठवून ती असं बघू शकते, तर तो समोर असला की काय होत असेल?

९ डिसेंबर

बीपी वाढलं. डॉक्टरीणबाईंना म्हणालो, लिहिल्याने वाढतंय.

१३ डिसेंबर, शुक्रवार

केसांना कलप लावला. कानाच्या वरची कातडीही काळी झाली, ती साबणाने जाईना. कारखान्यात यल्लव्वा झाडू मारता मारता थबकली आणि तोंडाला पदर लावून दुसरीकडे गेली. हेमावतीने संध्याकाळी बघितलं आणि म्हणाली, "कशाला की हे? होतात तसेच बरे होता."

अर्थ उघड आहे. मी म्हाताराच राहावं, म्हणजे तुलना करायला सोपं.

रात्रीच्या जेवणात भात बंद केला. ती तरीही वाढतच होती.

१५ डिसेंबर, रविवार

पुन्हा तेच. मी पलीकडे उभा, ती अलीकडे. आज तिला बघता बघता हसायचं होतं आणि मग रडू आवरायचं होतं. पहिल्याच वेळेला झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही पलीकडून वाजवल्या, कारण नाही वाजवल्या तर लोक काय म्हणतील?  मला सरळ लिहू दे, मला त्या गिरीराजचा हेवा वाटतो.  सिनेमा आहे, सगळं खोटं आहे, हे मला समजतं. पण चेहरा खोटा नव्हता. एवढं मला कळतं.

शूटिंगनंतर ती पाणी ओलांडून, म्हणजे तळ्याला वळसा घालून माझ्यापर्यंत आली. पायात चप्पल नाही. म्हणाली, "पाय दुखले असतील तुमचे. किती वेळ उभे होता." मी म्हणालो, बांबूला काय दुखायचं. तिचा चेहरा उतरला. बरं झालं, मला वाटलं. मग उरलेला दिवस बरं वाटलं नाही.

२२ डिसेंबर, रविवार

आज भांडण झालं. सकाळी निघायच्या वेळी ती आरशासमोर होती. केसांत अबोलीचा गजरा. यशोवर्धनने काही सांगितलं नव्हतं, हिने आपल्या मनाने माळला. मला म्हणाली, "चांगला दिसतो का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "एवढी ज्याच्यासाठी नटतेस, त्यालाच उभं कर ना समोर. मी येत नाही."

ती वळली. "कोणासाठी नटते मी?"

"तुला माहीत आहे."

"नाही माहीत. तुम्हीच सांगा."

मी नाव घेतलं नाही. नाव घ्यायची पण शिसारी येते मला.  तिने गजरा काढून देवासमोर ठेवला आणि म्हणाली, "सरी." एवढंच. ठीक आहे, असं ज्या आवाजात रिक्षावाल्याला म्हणतात त्या आवाजात.

ओला टॅक्सी करून एकटी गेली. मी कारखान्यात जाऊन बसलो. रविवारी पीण्यात चिटपाखरू नसतं. मशीन बंद, चहावाला बंद. स्प्रिंगा मोजल्यासारखं केलं.

संध्याकाळी यशोवर्धनचा फोन. हेमावतीला आज काही जमलं नाही. पुढच्या रविवारी मामा येणार ना? मी म्हणालो, गिरीराजला यायला सांग, त्याची जागा त्याने सांभाळावी.

२९ डिसेंबर, रविवार

आज माझ्या सांगण्याप्रमाणे खुद्द गिरीराज समोर उभा राहिला. मी गेलो नाही. तरी दर तासाला जीव तिकडे. दुपारी राहवेना म्हणून यशोवर्धनला फोन केला, निमित्त काय तर गाडीचा जॅक त्याच्याकडे राहिलाय का.

तो वैतागला होता. "अय्यो मामा, कुठला जॅक? इथे मामींचं काहीच होत नाहीये. सकाळपासून घेतोय. गिरी अण्णा समोर आहेत, त्या बघतात, पण काही येतच नाही."

खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की मी कारखान्यात एकटाच दोन फेऱ्या मारून आलो. दोघांचं बिनसलं असणार! भांडले असतील. माझं बोलणं तिच्या मनाला लागलं, तिने त्याला झटकलं. दुसरं काय कारण असेल?

येताना यशवंतपूरच्या बाजारातून तिच्यासाठी अवरेकाळू घेतले, पावट्याचे सोललेले दाणे. या दिवसांत ते तिला फार आवडतात. ती घरी आली, पिशवी बघितली, "हौदा? खरंच, तुम्ही आणलेत?" म्हणाली आणि न जेवता झोपली.

१ जानेवारी, बुधवार

हेमावती सिनेमा सोडतेय. काल यशोवर्धनला फोनवर सांगितलं, "माझं काम काप. मला येत नाही." त्याने समजावलं. शेवटचा रविवार पाच तारखेचा, त्यानंतर बागवाला तळं उपसणार, मग काही करता येणार नाही. ती म्हणाली, "साकु रे, पुरे झालं. आतून नाही येत तर काय करू?"

हेच तर मला हवं होतं. जिंकलो म्हणायचं.

आज शाळेच्या ऑफिसातल्या नोकरीवरून आली आणि सगळं माझ्या आवडीचं केलं. गरम गरम वाढलं. मी काही विचारलं की उत्तर देते, नाही विचारलं की देत नाही. तोंडावर राग नाही, काही नाही. गुणगुणणं बंद. भांड्यांचा आवाजसुद्धा कमी झालाय. मी टीव्हीचा आवाज वाढवला, तर तिने उठून दार लोटून घेतलं. भांडली असती तर बरं झालं असतं. अशी ती कायमचीच राहिली तर मी काय करणार आहे, याचा विचार मी दुपारपासून करतोय, आणि मला भीती वाटतेय.

२ जानेवारी, गुरुवार

यशोवर्धन रजा टाकून व्हाइटफील्डहून पीण्याला आला, म्हणजे सगळं गाव ओलांडून. लॅपटॉप उघडून माझ्या टेबलावर ठेवला, स्प्रिंगांचे नमुने बाजूला सारून. म्हणाला, "मामा, काही बोलू नका. फक्त बघा."

पहिलं चित्र एकोणतीस तारखेचं. हेमावती काठावर उभी. बस आली का बघताना बाई जशी बघते, तशी बघत होती. गोड हसली पण, शेजारणीला बघून हसतो तसं.

"इथे समोर गिरी अण्णा होते," यशोवर्धन म्हणाला.

दुसरं चित्र पंधरा तारखेचं. मला ते बघवेना. तरी बघितलं.

"आणि इथे समोर तुम्ही होता."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी लॅपटॉपकडे. मशीनचा आवाज चालू होता. मी म्हणालो, "उजेड वेगळा आहे."

"काय?"

"एकीकडे ऊन आहे. दुसरीकडे ढग असतील. चेहरा वेगळा दिसणारच."

त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "अय्यो मामा," म्हणाला, लॅपटॉप मिटला आणि चहा न घेता गेला. एवढं चिडण्यासारखं काय बोललो? उजेडाचा फरक पडतोच.

३ जानेवारी, शुक्रवार

उजेड सारखाच होता.

५ जानेवारी, रविवार

सकाळी तिला म्हणालो, चल, नेलमंगलला जायचंय. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, मी सोडलंय. मी म्हणालो, मी नाही सोडलेलं. तिने गॅस बंद केला.

 टोलवर सुटे पैसे तिने काढून दिले.

मी न सांगता पलीकडच्या काठावर गेलो. गिरीराज आलेला होता, फुलाफुलांच्या शर्टात. त्याला मी म्हणालो, "तुम्ही स्वल्प सावलीत बसा." तो झाडाखाली जाऊन बसला. वाईट माणूस नाही, हेही लिहून ठेवतो, पण फार मोठ्या अक्षरांत नाही.

मी उभा राहिलो. कलप अर्धा उतरलेला, कारखान्यातला शर्ट, पाय चिखलात. मला लाज वाटत होती. ओरडून माफी मागावी तर मध्ये पाणी, आणि सगळे ऐकणार. मग मी तेवढंच केलं जे मला सांगितलेलं होतं, तिच्याकडे बघत राहिलो. ती खाली बघत होती. खूप वेळ खालीच. यशोवर्धनने कॅमेरा चालू ठेवला.

मग तिने वर बघितलं.

यापुढचं मी लिहिणार नाही. ते माझं आहे.

९ मार्च, रविवार

आज यशवंतपूरच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. दोनतीनशे लोक होते, बरेचसे ओळखीचे. लोक पोट धरून हसले. वाळू खरंच सोनेरी झाली आहे. मग ती जागा आली. हेमावती पाण्यापलीकडे बघते, आणि लगेच पडद्यावर गिरीराज, हात हलवत.

 पुढच्या रांगेतल्या कृष्णाबाईंनी डोळे पुसले. दिवे लागल्यावर त्या मोठ्याने म्हणाल्या, "गिरीराज, काय रे बघते ती तुझ्याकडे! अशी नजर मिळायला नशीब लागतं." आणि त्या गृहस्थाने हात जोडून ती स्तुती घेतली. घेतली! कोणी पाठीवर थाप मारतंय, कोणी फोटो काढतंय. माझ्या अंगाचा तिळपापड. मी खुर्चीवरून उठलोच होतो सांगायला, की अहो, तो त्या दिवशी झाडाखाली बसून मुरमुरे खात होता. हेमावतीने शर्ट धरून खाली बसवलं. "असू दे की. सगळ्यांना कशाला सांगायचं?"

मेट्रोत गर्दी नव्हती. आम्ही समोरासमोरच्या सीटवर बसलो, शेजारी जागा असूनही मी समोर बसलो. गोरगुंटेपाळ्य स्टेशन आलं तरी माझा राग उतरेना. शेवटी म्हणालो, "एकदा बघ ना तसं."

"कसं?"

"तसं. त्यातल्यासारखं."

ती हसली. म्हणाली, "आधी तुम्ही बघा. तुम्ही बघत होता म्हणून तर मी बघत होते. घरी कुठे बघता तुम्ही?"

  मी बघायला लागलो. तिच्या डाव्या भुवईच्या वर एक बारीक व्रण आहे. मी म्हणालो, "हे कधी लागलं?"

"तुमच्या कारखान्यात. आयुधपूजेला शटर लागलं होतं. झाली की सहासात वर्षं."

"मी तिथे होतो?"

"होता. नारळ फोडत होता."

मी बघत राहिलो. लोक चढले, उतरले. पीण्या गेलं. मग तिनेही बघितलं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "अहो, जलाहळ्ळी गेलं की. उतरायचं होतं आपल्याला."

मी म्हणालो, "जाऊ दे."